कडेला पेन्सिलीनं लिहिलेली मिनिटं

रक्त काढलं आईचं आणि चक्कर आली मुलाला.

तीही साधीसुधी नाही. दाराच्या चौकटीतून वाकून आत शिरलेला उंचापुरा, आडव्या अंगाचा गडी आईच्या खुर्चीमागं उभा होता. नळीत लाल धार चढताना त्यानं पाहिली, ‘अरे...’ एवढंच म्हणाला आणि भिंतीला पाठ घासत घासत खाली बसला. रक्त काढणाऱ्या मुलीनं एका हातानं आईच्या दंडावरचा कापूस दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं त्याची कॉलर पकडली, म्हणून डोकं फरशीवर आपटायचं वाचलं.

“घाबरू नकोस गं,” आई खुर्चीतूनच म्हणाली. “शाळेत लस टोचायला यायचे तेव्हा हा रांगेतच आडवा व्हायचा. ए ढोल्या, ऊठ. लोक बघतायत.”

ढोल्यानं डोळे उघडले. समोर आणखी दोन डोळे होते, आणि ते हसू आवरायची शिकस्त करत होते.

“पाणी देऊ?” तिनं विचारलं.

“नको... तुम्ही — तुम्ही आईचा हात सोडलात?”

“नाही सोडला. तुमची कॉलरही सोडलेली नाही अजून.”

तो कानापर्यंत लाल झाला. तेव्हाच तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. रुंद, खरखरीत हात, आणि बोटं नखांच्या मुळापर्यंत नारिंगी.

“रंगारी आहात?”

“तेल गाळतो. तुमच्या इथल्या कॅप्सूलमधलंच. नारिंगी बेरी घाण्यात पडते, तेल खाली येतं. बोटाला एकदा लागलं की तीन दिवस जात नाही.”

“आणि वास?”

“तो आंघोळीलाही ऐकत नाही,” तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं दोन्ही हात पटकन खिशात घातले.

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत बेरीच्या तेलाची चाचणी चालू होती. एकशे वीस माणसं, सहा महिने, रोज दोन कॅप्सूल. बेरीच्या तेलानं रक्तातली चरबी उतरते का, रक्त गुठळ्या धरायची घाई कमी करतं का, हृदयावरचा भार हलका होतो का, एवढंच पाहायचं होतं. निम्म्या लोकांच्या बाटलीत खरं तेल होतं आणि निम्म्यांच्या बाटलीत कसलाच गुण नसलेलं साधं तेल. कुणाला काय मिळालंय ते त्या माणसालाही ठाऊक नव्हतं, रक्त काढणाऱ्या मुलीलाही नाही आणि चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनाही नाही. बाटलीवर फक्त नंबर. त्या नंबरांची उत्तरं बंद पाकिटांत, पाकिटं लोखंडी कपाटात. कुणाच्या जिवाशी गाठ पडली तरच त्या माणसाचं पाकीट फोडायचं, असा नियम होता.

येणारे सगळे तिला ‘सुईताई’ म्हणायचे. सत्तरीचे आजोबासुद्धा ताईच म्हणायचे. तिला एक सवय होती आणि त्यावरून तिची थोडी चेष्टाही व्हायची. सुई काढली की ती कापसावर स्वतःचा अंगठा ठेवायची आणि रक्त पुरतं थांबेपर्यंत उचलायची नाही. चिकटपट्टी लावून ‘पुढचे’ म्हणणं तिला जमत नसे. मग किती मिनिटं लागली तो आकडा ती कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहायची. कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. बहुतेकांच्या कागदाकडेला दोन असायचे, कधी तीन.

ढोल्या दर महिन्याला आईला घेऊन यायचा. आता तो दाराबाहेर, पाठ करून उभा राहायचा आणि तिथूनच बोलायचा.

“झालं का?”

“व्हायचंय. तुम्ही ठीक आहात ना?”

“मी काय, मस्त आहे. भिंत बघतोय. फार छान भिंत आहे तुमची.”

आई हसायची. दुसऱ्या महिन्यात सुईताईनं आईच्या बाटलीतल्या उरलेल्या कॅप्सूल मोजल्या, तर एक कमी भरली. “सांडली असेल,” दाराबाहेरून उत्तर आलं. जरा जास्तच घाईनं. सुईताईनं कागदावर ‘एक कमी’ असं लिहिलं आणि विषय सोडून दिला.

तिसऱ्या महिन्यात आईनं अचानक विचारलं, “का रे, सगळं जग हिला ताई म्हणतं. तू मेला ‘अहो’, ‘ऐका ना’ यावरच भागवतोस. तुला ताई म्हणायला काय होतं?”

दाराबाहेर एकदम शांतता पसरली. भिंत खरंच फार छान असावी. सुईताईनं मान खाली घातली आणि कापूस गरजेपेक्षा थोडा जोरात दाबला.

त्या दिवशी बाहेर भुरभुर पाऊस होता. आई वरच्या मजल्यावर हृदयाचा आलेख काढून घ्यायला गेली होती, तासभर तरी लागणार होता. सुईताईची जेवणाची सुट्टी झाली. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपाशी गळक्या पत्र्याखाली दोघं उभे राहिले. दोघांत एक हात अंतर. धार नेमकी त्या अंतरात पडत होती.

“एक विचारू?” तो म्हणाला. “आईच्या बाटलीत खरं आहे की खोटं?”

“मला माहीत नाही.”

“माहीत असतं तर सांगितलं असतं?”

“नाही.”

“मलाही नाही?”

“तुम्हाला तर मुळीच नाही.”

“का बरं? मी काय घोडं मारलंय?”

“तुम्ही...” ती थांबली. “तुम्ही विचारलंत की सांगावंसं वाटतं, म्हणून.”

तो चहाचा कप नारिंगी बोटांत फिरवत राहिला. मग हळूच, पावसाकडे बघत म्हणाला, “बाबा हृदयानंच गेले. सकाळची पाळी होती माझी. घाण्याच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. अकरा वेळा वाजला होता. मी तेल गाळत होतो... आणि डब्यांवर छापलेलं असतं ना, ‘निरोगी हृदयासाठी’. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या हातालाही तोच वास होता.”

कुणाचं दुःख ऐकलं की काहीतरी समजुतीचं बोलायचं असतं, पण तिला ते कधीच साधलं नाही. तिनं त्याऐवजी आपली गोष्ट सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या गृहस्थांना तिनं पट्टी लावून घाईघाईनं पाठवलं होतं. ते जिन्यात पोचेपर्यंत बाही लालभडक झाली होती. त्यांना काही झालं नाही, उलट त्यांनीच तिची समजूत काढली. पण ती बाही तिच्या डोळ्यांपुढून गेली नाही. “तेव्हापासून हात सोडत नाही मी,” ती म्हणाली.

“बरंय,” तो म्हणाला. “माणसाला कुणीतरी असं धरून ठेवणारं पाहिजे.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. तो चहा पिऊन टाकायला गेला, तर कप केव्हाचा रिकामा. ती हसली. त्या दिवशी परत जिना चढताना तिला कळून चुकलं की महिना फार मोठा असतो.

चौथा महिना गेला. पाचव्या महिन्यात आई आली ती जरा थकल्यासारखी. दंडावर सुईच्या जुन्या जागेच्या बाजूला एक निळसर डाग, मनगटावर दुसरा. “कशाला तरी आपटलं असेल,” ती म्हणाली. “दातानं आधीच जीव नकोसा केलाय. परवा काढून टाकणार आहेत, म्हणजे सुटेन.”

सुई काढली. कापूस. अंगठा.

दोन मिनिटं झाली, तीन झाली. कापूस लाल होत होता. तिनं दुसरा घेतला. चार. दाराबाहेरून आवाज आला, “झालं का?” पाच. आईला घाम आला होता. तिनं बाहीतून रुमाल काढून ओठांवरून फिरवला, आणि सुईताईची नजर त्यावर अडकली. रुमालाच्या कडेला डाग होते. नारिंगी. जुने, फिकट, त्यांच्यावर नवे, गडद. कॅप्सूल गिळणाऱ्या माणसाच्या रुमालाला तेलाचा रंग लागायचं कारण नव्हतं. आणि तो रंग तिनं कुठंही ओळखला असता. गेले चार महिने ती तो दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांवर बघत होती.

सात मिनिटांनी रक्त थांबलं. तिनं कडेला सात लिहिले, आईला आतल्या खाटेवर पाय वर करून झोपवलं, डॉक्टरबाईंना निरोप धाडला. मग बाहेर येऊन ती म्हणाली, “जरा जिन्यापाशी या.”

जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती. तो हसत हसत आला आणि तिचा चेहरा बघून त्याचं हसू गेलं.

“तुम्ही काकूंना वरून तेल देताय.”

“कशावरून?”

“त्यांच्या रुमालावरून. तो रंग मला पाठ झालाय.”

त्यानं खिडकीचा गज धरला. खोटं बोलायचं त्याच्या मनात आलंच नाही, एवढं मात्र तिला दिसलं.

“ती एक कॅप्सूल कमी होती ना...” तो शेवटी म्हणाला. “सांडली नव्हती. मी फोडून बघितली. रंग नाही, वास नाही, काही नाही. दहा वर्षं मी ते तेल गाळतोय, डोळे मिटून ओळखीन. आईच्या वाट्याला खोटं आलंय. मग मी काय करायचं? सहा महिने माझी आई नुसतं साधं तेल गिळणार आणि मी डबे भरभरून खरं तेल लोकांना पाठवणार?”

“किती देताय?”

“मोठा चमचा. रोज सकाळी.”

“काकू आधीच हृदयाची गोळी घेतात. ती रक्त पातळ करते. डॉक्टरबाईंनी कॅप्सूलचं माप त्या हिशोबानं धरलं होतं, तुमच्या चमच्याच्या नाही. आज सुईच्या भोकातून सात मिनिटं रक्त आलं. परवा दात काढणार आहेत. तिथून किती वेळ येईल? आणि ते दाबून कोण धरेल?”

तो पायरीवर बसला. पहिल्या दिवशी बसला होता तसाच, भिंतीला पाठ घासत. पण आज त्याची कॉलर धरावी असं तिला वाटलं नाही, आणि वाटलं नाही म्हणून तिचेच डोळे भरून आले.

“आजपासून बंद,” तो म्हणाला. “शपथ. दातवाल्यांना मी स्वतः सांगतो. पण तुम्ही हे लिहू नका... आईला चाचणीतून काढतील. घाण्यावरचं तेल घरी नेलं म्हणून मला कामावरून काढतील, दुसरं काही मला येत नाही. तुमच्यामाझ्यातच राहू द्या.”

“लिहावं लागेल.”

“मी इतका परका आहे?”

“तुम्ही परके असतात तरी लिहिलंच असतं,” ती म्हणाली. “फक्त एवढा त्रास झाला नसता मला.”

ती वर गेली आणि तिनं लिहिलं. या वेळी पेननं, आणि कडेला नाही, मधोमध.

डॉक्टरबाईंनी कागद दोनदा वाचला. रक्त गोठायची तपासणी तातडीनं करून घेतली, दातवाल्या डॉक्टरांना स्वतः फोन करून दात काढणं पुढं ढकलायला लावलं, आणि मग कपाट उघडून त्या एका नंबरचं पाकीट फोडलं. चिठ्ठी वाचून त्या खुर्चीला टेकल्या.

“खरं तेल,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून खरंच होतं.”

“पण त्याला वास नव्हता, रंग नव्हता... ते म्हणतात.”

“काढून टाकलेला असतो, मुली. कारखान्यातून तेल पुढं जातं, तिथं त्याचा रंग आणि वास काढतात, मग कॅप्सूल भरतात. दोन्ही गट सारखे दिसायला नकोत? कारखान्यातल्या माणसाला हे कसं ठाऊक असणार. त्यानं आपल्या नाकावर भरवसा ठेवला.”

हे त्याला सांगायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. तो अजून पायरीवरच होता. तिनं सांगितलं, तेव्हा त्यानं दोन्ही हात समोर धरून पाहिले, उलटे आणि सुलटे. “म्हणजे दुप्पट...” एवढंच म्हणाला. मग उठला, आईला हाताला धरून हळूहळू जिना उतरला. मागं वळून पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी आई एकटीच तपासणीला आली. चमचा बंद झाला होता, रक्त पुन्हा वेळेवर थांबू लागलं होतं. अंगठ्याखाली दोन मिनिटं. डागही पिवळे पडून विरत चालले होते. दात आता निर्धास्त काढता येणार होता.

“चमच्यातलं ते चाचणीचं औषधच आहे असं वाटायचं का तुम्हाला, काकू?” सुईताईनं विचारलं.

“छे गं. तेवढी भोळी नाही मी. चव तर इतकी वाईट की विचारू नकोस.” आई खिडकीबाहेर बघत होती. “पण तो रोज सकाळी चमचा हातात धरून उभा राहायचा. मी घोट घेईपर्यंत हलायचा नाही. तो लहान असताना मी अशीच उभी राहायचे. मग कसं नाही म्हणायचं?”

सुईताईनं कडेला दोन लिहिले. “ते... कसे आहेत?”

“आहे. बोलत नाही फारसा. तुझं नाव काढलं की उठून जातो,” आई म्हणाली. “रागानं नाही हो. लाजेनं.”

चाचणी संपली. ढोल्याच्या आईला वगळून सगळ्यांचे आकडे मांडले गेले. रक्तातली चरबी जवळजवळ होती तिथंच होती. गुठळ्या धरायची घाई खरं तेल घेणाऱ्या काही जणांत किंचित उतरलेली दिसत होती. हृदयाबद्दल ठाम काही सांगायला याहून कितीतरी मोठी चाचणी लागेल, असं डॉक्टरबाईंनी अहवालात लिहिलं. कुणी हिरमुसलं, कुणी म्हणालं चला, निदान कळलं तरी. सुईताई पुन्हा दवाखान्याच्या रोजच्या कामाला लागली. पाऊस संपून थंडी पडली होती. टपरीपुढच्या पत्र्याखाली ती कधी कधी एकटी चहा प्यायची आणि एका बाजूला एक हात जागा सोडून उभी राहायची. आपण असं का करतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपण चुकलो नाही हेही ठाऊक होतं. पण तेवढ्यानं मनातला कढ कमी होत नव्हता.

मग एका सकाळी तेलाच्या कारखान्यातले कामगार वर्षाच्या तपासणीला आले. वीस-बावीस जण, बाह्या वर सरसावून रांगेत. दोन टेबलं होती. दुसऱ्या टेबलाची रांग लवकर सरकत होती, तरी सगळ्यात शेवटचा माणूस हिच्याच रांगेत थांबून राहिला. एकेका मागच्याला पुढं जाऊ देत. खोलीत तो एकटा उरला तेव्हा तिनं वर पाहिलं.

“दहा वर्षं चुकवली ही तपासणी,” ढोल्या म्हणाला. “दरवेळी काहीतरी निमित्त काढून.”

“आज?”

“आज नाही सुचलं.”

तो खुर्चीत बसला आणि त्यानं हात पुढं केला. बोटं स्वच्छ होती. नारिंगी रंगाचा मागमूस नाही. ते बघून तिला गलबलून आलं.

“कामावरून...?”

“काढलं नाही. त्याच संध्याकाळी मी स्वतः जाऊन मालकांना सांगितलं, तुमचा कागद पोचायच्या आधी. चार महिने घाण्यापासून दूर, खोकी उचलायची. पुढच्या महिन्यात परत घाण्यावर.” तो थांबला. “तुम्ही लिहिलं नसतंत तर आईचा दात तिसऱ्याच दिवशी काढला असता. मला ते रोज सकाळी आठवतं. चमच्याच्या वेळेला.”

तिनं दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. तो पांढरा पडायला लागला होता.

“नळीकडे बघू नका.”

“मग कुठं बघू?”

“भिंत आहे की. तुम्हाला आवडते ना?”

“खरं सांगू? भिंत मी कधी बघितलीच नाही. समोरच्या दाराच्या काचेत तुम्ही दिसायचात.”

सुई आत गेली. तो तिच्याकडे बघत राहिला, पापणी न हलवता, आणि त्याला चक्कर आली नाही. नळी भरली. सुई निघाली. कापूस. अंगठा.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता.

“आईनं विचारलं होतं,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “ताई का म्हणत नाहीस म्हणून. तेव्हा बोललो नाही. पहिल्या दिवशी इथं जमिनीवर बसलो होतो... डोळे उघडले, तर तुम्ही कॉलर धरून उभ्या. तेव्हाच ठरवलं. सगळ्यांनी म्हणू दे, आपण हिला ताई म्हणायचं नाही. कधीच नाही.”

“मग काय म्हणायचं ठरवलंत?”

“ते ठरवायची हिंमत झाली नाही. मग तर तोंड दाखवायचीही राहिली नव्हती. तुम्ही — तुम्ही सांगाल ते.”

तिनं डोळे उचलले. ते भरलेले होते, आणि पहिल्या दिवसासारखंच हसू आवरायची शिकस्त करत होते. या वेळी जमलं नाही.

“आधी ते ‘अहो’ बंद कर,” ती म्हणाली. “मी कधीची वाट बघतेय.”

काटा आणखी सरकला. बाहेर कुणीतरी दार ढकलून आत डोकावलं आणि परत गेलं.

“थांबलं असेल ना आता?” त्यानं विचारलं.

“केव्हाच.”

अंगठा तिथंच होता. त्यानं आपला दुसरा हात हळूच तिच्या हातावर ठेवला. टेबलावरची पेन्सिल घरंगळत खाली गेली, ती उचलायला कुणी वाकलं नाही.

त्या दिवसाचे सगळे कागद दवाखान्यात ठेवलेले आहेत. प्रत्येकाच्या कडेला पेन्सिलीनं दोन लिहिलेले, कुठं तीन. शेवटच्या एका कागदाची कडा मात्र कोरी आहे.